‘गेट’चे अर्थ किती, आणि त्याच्या जागी काय लिहावं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत डिस्पॅचचं काम बघणाऱ्या गृहस्थांनी विचारलं आहे: “ग्राहकांना रोज इंग्रजीत मेल लिहावे लागतात. आमच्या साहेबांचं म्हणणं, ‘गेट’ हा शब्द ऑफिसच्या लिखाणात दिसायला नको. म्हणून मी त्याचे सगळे अर्थ आणि पर्यायी शब्द वहीत उतरवून काढले. पण ऑब्टेन, रिसीव्ह, ॲक्वायर, प्रोक्युअर या सगळ्यांपुढे ‘मिळवणे’ एवढंच लिहिलंय. मग कुठला कुठे घालायचा?” सोबत त्यांनी आपल्या एका मेलमधल्या चार ओळीही पाठवल्यात. त्या पुढे बघू.

राजारामपुरीत इंग्रजी शिकवण्यात आणि कारखान्यांची कागदपत्रं या भाषेतून त्या भाषेत नेण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे ही वही माझ्या चांगल्या ओळखीची आहे. दर बॅचला एकाकडे तरी असते. ती आधी मिटा.

इंग्रजीतली छोटी छोटी क्रियापदं अशीच अफाट पसरलेली असतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाच्या 400 हून जास्त छटा दिल्या होत्या. पुढे नव्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर ‘रन’नं त्याला मागे टाकलं; एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदले गेले. ‘गेट’ त्याच खानदानातलं. एवढे अर्थ पाठ करून कुणी इंग्रज बोलायला लागत नाही. आपल्याला भूक लागते, फोन लागतो, निकाल लागतो, पोराला नोकरी लागते, गॅससाठी रांग लागते आणि कामाला दोन तास लागतात. ‘लागणे’चे अर्थ वहीत उतरवून आपण शिकलो का?

‘गेट’ स्वतः फारसं बोलत नाही. त्याच्या उजव्या हाताला कोण उभं आहे ते बघायचं. वस्तू उभी असेल तर मिळणं, आणणं, विकत घेणं. विशेषण असेल तर होणं: ‘गेट टायर्ड’, ‘गेट लेट’. जागा असेल तर पोहोचणं: ‘वी गॉट टू कागल ॲट नाइन’. क्रियापदाचं तिसरं रूप असेल तर ते काम कुणाकडून तरी होतंय किंवा करून घेतलं जातंय. माणूस आणि त्यापुढे ‘टू’ असेल तर त्या माणसाला पटवून कामाला लावलंय. आणि थेट ‘टू’ आणि क्रियापद असेल तर संधी मिळणं: ‘आय गॉट टू मीट हिम’, म्हणजे मला त्याला भेटायला मिळालं. हे शेवटचं आपल्या ‘खेळायला मिळालं’, ‘बघायला मिळालं’सारखंच आहे, तरी आपली मुलं ते फार कमी वापरतात, त्याऐवजी ‘आय गॉट अ चान्स टू’ असा लांबचा वळसा घेतात. तो चूक नाही, पण वळसाच.

आता वस्तूकडे जरा थांबू, कारण वहीतला सगळा गोंधळ तिथला आहे.

‘आय गॉट युवर मेल’मध्ये मी काही केलं नाही, मेल आला. ‘आय गॉट अ न्यू फोन’मध्ये बहुधा मी पैसे मोजले. ‘गेट मी सम वॉटर’मध्ये उठून आणायचंय. ‘शी गॉट डेंग्यू’मध्ये डेंग्यू कुणी मिळवत नसतं, झाला. चारही ठिकाणी ‘गेट’ चालतं, कारण गोष्ट कशी हाती आली याबद्दल ते तोंड उघडत नाही. एवढंच सांगतं की आधी नव्हती, आता आहे. पर्यायी शब्द मात्र ‘कशी’ हे सांगितल्याशिवाय राहत नाहीत. त्यामुळे ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. शब्द निवडताना ‘मिळवणे’ला इंग्रजीत काय म्हणतात हे विचारू नका, ही गोष्ट हाती आली कशी हे विचारा.

कुणीतरी पाठवली आणि आपण नुसती घेतली, तर ‘रिसीव्ह’. पार्सल, तक्रार, बक्षीस, नोटीस. जखमासुद्धा ‘रिसीव्ह’ होतात, कारण तिथेही आपण घेणाऱ्या बाजूला. अर्ज, फेऱ्या, सह्या करून काढली, तर ‘ऑब्टेन’. दाखला, परवानगी, व्हिसा, माहिती. सातबारा तलाठ्याकडून ‘ऑब्टेन’ करतात. तोच घरपोच आला तर ‘रिसीव्ह’. एकच कागद, क्रियापद वेगळं.

‘ॲक्वायर’मध्ये मालकी बदलते, किंवा एखादी गोष्ट हळूहळू अंगात मुरते. एक कंपनी दुसरी कंपनी ‘ॲक्वायर’ करते. माणूस कौशल्य, सवय, एखाद्या पदार्थाची आवड ‘ॲक्वायर’ करतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा शब्द इंग्रजीच्या मास्तरापेक्षा चांगला कळतो, कारण भूसंपादनाचा 1894 चा कायदा असो की त्याच्या जागी आलेला 2013 चा, दोन्हींच्या इंग्रजी नावात ‘लँड ॲक्विझिशन’ आहेच. सातबाऱ्यावरचं नाव बदललं की ‘ॲक्वायर’ झालं. म्हणून ‘वी ॲक्वायर्ड युवर मेल’ लिहिलंत तर ग्राहक हसेल. मेल मिळाला असा अर्थ निघायच्या ऐवजी मेलची मालकी घेतली असा निघतो.

‘प्रोक्युअर’ हा खरेदी खात्याचा आणि पुरवठ्याचा शब्द. मागणी आहे, माल गोळा करून हजर करायचाय. दूध संघाच्या कागदपत्रात गावोगावच्या संस्थांतून होणाऱ्या दूध संकलनाला ‘मिल्क प्रोक्युअरमेंट’ म्हणतात ते अगदी नेमकं आहे: ठिकठिकाणाहून, रोज, ठरलेल्या मापानं. पिग आयर्न, स्क्रॅप, कोळसा प्रोक्युअर करा. माणसं प्रोक्युअर करू नका. एका कारखान्याच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे आला होता, त्यात पॅकिंगसाठी मुली ‘प्रोक्युअर’ करणार असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्याच्या मनात भरतीपलीकडे काही नव्हतं. पण 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या इंग्रजी मजकुरात ‘प्रोक्युअरिंग’ हा शब्द वेश्याव्यवसायासाठी माणसं पुरवणाऱ्यांसाठी येतो. कामगारांसाठी ‘रिक्रूट’, ‘हायर’, अगदी साधं ‘गेट’सुद्धा चालेल, हा नको.

‘सिक्युअर’मध्ये गोष्ट पदरात पाडून घेतल्याची खात्री असते: ऑर्डर, कर्ज, प्रवेश. मागे स्पर्धा किंवा धाकधूक असते, म्हणून तो शब्द जरा छाती काढून चालतो. ‘गेन’मध्ये आधीच असलेल्यात भर पडते: वजन, अनुभव, आत्मविश्वास. ‘अर्न’मध्ये लायकी आणि कष्ट, म्हणून पगाराइतकाच मानालाही तो लागतो. ‘विन’ला समोर प्रतिस्पर्धी हवा, खासबागेत कुस्ती ‘विन’ करतात, टेंडरही ‘विन’ करतात, लॉटरीही, पण पगारवाढ ‘विन’ करत नाहीत, फार तर युनियन करते.

‘फेच’ म्हणजे जाऊन घेऊन येणं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचा दुसरा उपयोग कोल्हापूरकराला यायलाच हवा. शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तेव्हा ‘द जॅगरी फेच्ड अ गुड प्राइस’. इथे कर्ता गूळ आहे. भाव गुळानं आणला. ‘द फार्मर गॉट अ गुड प्राइस’ बरोबर, ‘द जॅगरी फेच्ड’ बरोबर, पण ‘द फार्मर फेच्ड अ गुड प्राइस’ म्हटलंत तर शेतकऱ्यालाच सौद्यात उभं केलंत.

आणि हरवलेली गोष्ट हाती आली असेल तर यातलं काहीच नको, ‘फाइंड’ हवं. आपण म्हणतो, “किल्ली घावली काय?” त्या घावण्याला इंग्रजीत ‘फाइंड’. पुण्यामुंबईकडं “किल्ली मिळाली का?” म्हणतात, आणि त्या ‘मिळाली’वरून विद्यार्थी ‘डिड यू गेट द की?’ करतो. त्याचा अर्थ किल्ली घेतलीस का, आणलीस का असा होतो. घावणं हा शब्द गावंढळ वाटतो म्हणून पोरं तो वर्गात टाळतात. इथे खरं तर तोच वाट दाखवतो.

विशेषणाकडे येऊ. ‘गेट’ म्हणजे होणं, पण त्यापुढे विशेषणच हवं. नाम ठेवलं की खेळ उलटतो. ‘माझा भाऊ डॉक्टर झाला’ याचं ‘माय ब्रदर गॉट अ डॉक्टर’ असं भाषांतर मी कितीतरी वह्यांत लाल केलंय. त्याचा अर्थ भावानं डॉक्टर आणला. घरात कुणी आजारी असेल तर वाक्य ठीक आहे. पदवी घेतली असेल तर ‘बिकेम’.

होण्याला इंग्रजीत आणखीही शब्द आहेत आणि तिथे तर्क फार चालत नाही, कानच तयार करावा लागतो. दूध नासलं तर ‘गोज बॅड’ किंवा ‘टर्न्स सावर’. माणूस ‘ग्रोज ओल्ड’, ‘फॉल्स इल’, ‘गोज बाल्ड’. रंग बहुतेक ‘टर्न’नं बदलतात. साधारण कल असा की बिघाडाकडे ‘गो’, सावकाश वाढीकडे ‘ग्रो’, अचानक पडण्याकडे ‘फॉल’. ऑफिसच्या लिखाणात यातलं बहुतेक लागत नाही, ‘बिकम’वर भागतं.

तिसऱ्या रूपाकडे नीट लक्ष द्या, कारण तुमचा मेल तिथेच अडखळलाय.

मराठीत आपण म्हणतो, “मी केस कापले”, “आम्ही घर बांधलं”, “काल दात काढला”. कापणारा न्हावी, बांधणारा गवंडी, काढणारा डेंटिस्ट. वाक्यात त्यांचा पत्ता नाही आणि ऐकणाऱ्याला त्याचं काही वाटतही नाही. इंग्रजीत ‘आय रिमूव्ह्ड माय टूथ’ म्हटलं की समोरचा दचकतो: स्वतःच? पक्कड घेऊन? तिथे ‘आय गॉट अ टूथ टेकन आउट’ असं म्हणावं लागतं. रचना अशी: ‘गेट’, मग वस्तू, मग तिसरं रूप. क्रम हलला की अर्थ हलला.

आता तुमची दुसरी ओळ: ‘वी विल गेट द मशीन्ड कास्टिंग्ज बाय फ्रायडे.’ तुम्हाला म्हणायचं होतं, कास्टिंगचं मशीनिंग बाहेरच्या जॉबवर्कवाल्याकडून शुक्रवारपर्यंत करून घेतो. लिहिलंत ते असं वाचलं जातं: मशीन केलेली कास्टिंग्ज शुक्रवारपर्यंत आमच्याकडे येतील. ग्राहक म्हणणार, अहो, कास्टिंग ओतणारे तुम्हीच, मग ती तुमच्याकडे येणार कुठून? मालही बाहेरून घेता की काय? ‘मशीन्ड’ एक घर पुढे सरकवा: ‘वी विल गेट द कास्टिंग्ज मशीन्ड बाय फ्रायडे.’ बस. आणि साहेबांना ‘गेट’ नकोच असेल तर ‘हॅव द कास्टिंग्ज मशीन्ड’ लिहा, तेवढंच बरोबर आणि जरा अंगात कोट घातलेलं. वहीतलं ‘ऑब्टेन’ इथे ठेवून बघा, बसतच नाही. ‘ऑब्टेन’ला अशी रचनाच चालत नाही.

माणसाकडून काम करून घेण्याच्याही अशाच तीन पायऱ्या आहेत. ‘आय गॉट हिम टू साइन’ म्हणजे तो तयार नसावा, मी समजावलं, चहा पाजला, शेवटी केली सही. ‘आय मेड हिम साइन’ म्हणजे करायला लावली, दटावून. ‘आय हॅड हिम साइन’ म्हणजे त्याचं कामच ते, सांगितलं आणि केलं. ‘मेक’ आणि ‘हॅव’नंतर ‘टू’ येत नाही, ‘गेट’नंतर येतो. क्वालिटी इन्स्पेक्टरबद्दल ग्राहकाला लिहिताना ‘वी मेड युवर इन्स्पेक्टर साइन द रिपोर्ट’ असं चुकूनही लिहू नका, पुढची ऑर्डर जाईल. आणि ‘गॉट हिम टू’ही इथे जपून, त्यातही थोडं मागे लागल्याचा वास आहे.

‘मटेरियल गॉट रिजेक्टेड’ ही तुमची तिसरी ओळ. व्याकरण ठीक, पण ‘गॉट’मुळे बोलल्यासारखं होतं आणि थोडी दैवावर ढकलल्याची छटा येते: झालं बुवा रिजेक्ट. अहवालात ‘वॉज रिजेक्टेड’ लिहा, आणि कुणी, कशासाठी तेही. ‘गॉट’ आणि ‘वॉज’चा फरक लग्नात सगळ्यात स्पष्ट दिसतो. ‘ही गॉट मॅरीड इन मे’ म्हणजे मे महिन्यात लग्न लागलं. ‘ही वॉज मॅरीड’ म्हणजे बहुतेक वेळा तो विवाहित होता, कधीपासून ते विचारू नका. जाता जाता: ‘मॅरीड विथ’ लिहू नका. आपण कुणाशी तरी लग्न करतो म्हणून ‘विथ’ तोंडात येतं, इंग्रजीला तिथे ‘टू’ लागतं.

‘गेट’ला शेपटं जोडून होणारी जोडक्रियापदं इतकी आहेत की सगळी घ्यायला बसलो तर दिवस जाईल. आधी मराठीतली तयार गोष्ट आठवावी, मग शेपूट लक्षात राहतं. ‘गेट अवे विथ इट’ला कोश ‘शिक्षेतून निसटणे’ म्हणतो, आपण म्हणतो “त्याला ते पचलं”. ‘गेट राउंड टू इट’ म्हणजे त्या कामाला मुहूर्त लागणं. ‘गेट बाय’ म्हणजे भागवणं, ‘गेट ऑन’ म्हणजे दोघांचं जमणं, ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून उठणं किंवा धक्क्यातून सावरणं. ‘गेट थ्रू’ फोनला लागलं तर फोन लागणं, परीक्षेला लागलं तर पास होणं. ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’ म्हणजे तुमचा रोख कुणीकडं आहे? हे जरा चढ्या आवाजातलं आहे, ग्राहकाला लिहायचं नाही.

वाहनांचा नियम सोपा आहे. आत उभं राहता, चालता येतं किंवा टांग टाकून वर बसता, ते ‘ऑन’ आणि ‘ऑफ’: केएमटीची बस, रेल्वे, मोटरसायकल, घोडा. वाकून आत शिरता, ते ‘इन’ आणि ‘आउट’: कार, रिक्षा. आपल्याकडं बसमधून ‘गेट डाउन’ करतात. भारतात कुणाला अडत नाही आणि मी वर्गात त्यावर लाल रेघ मारणं केव्हाच सोडलंय. पण परदेशी पाहुण्याला कावळा नाक्यावर उतरवायचा असेल तर ‘गेट ऑफ’ म्हणा, नाहीतर तो खाली वाकेल.

आता साहेबांची ताकीद. ती अर्धी बरोबर आहे, आणि तिच्यामागे हजार वर्षांचं कारण आहे. ‘गेट’ हे इंग्रजीत आलं ते उत्तरेकडच्या नॉर्स लोकांबरोबर, ‘गेता’ या त्यांच्या शब्दावरून. ‘फर्गेट’ आणि ‘बिगेट’ ही त्याचीच भावकी, ती इंग्रजीच्या घरात आधीपासूनच होती. रिसीव्ह, ऑब्टेन, ॲक्वायर, प्रोक्युअर ही मंडळी मूळची लॅटिन. 1066 नंतर इंग्लंडात नॉर्मन राजवट आली, दरबार आणि कचेरी फ्रेंचमध्ये चालू लागली, आणि यातली बरीचशी त्या वाटेनं आली. म्हणून ती अजूनही कचेरीत रुळलेली आणि ‘गेट’ घरातलं. आपल्याकडं ‘तुझं पत्र मिळालं’ आणि ‘आपले पत्र प्राप्त झाले’ यांत जो फरक, तोच. गंमत म्हणजे कळणं या अर्थाचं ‘आय गेट इट’मधलं ‘गेट’ आणि भारदस्त ‘कॉम्प्रिहेंड’ यांचं मूळ फार मागे एकच, धरणे-पकडणे या अर्थाचं. एक चुलतभाऊ शेतात राहिला, दुसरा वकील झाला.

त्यामुळे करारात, ऑडिटच्या उत्तरात, सरकारी अर्जात ‘गेट’ टाळा. रोजच्या मेलमध्ये मात्र सरसकट बंदी घातली की ‘आय ऑब्टेन्ड अ कोल्ड, सो ॲम ऑन लीव्ह’ असली वाक्यं जन्माला येतात. सर्दी ‘कॅच’ करतात किंवा ‘गेट’ करतात. डॉक्टर मंडळी आजार होण्याला ‘कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतात, तो शब्द त्यांच्याकडंच राहू द्या.

तुमची पहिली ओळ ‘वी गॉट युवर ड्रॉइंग’ होती. ‘वी हॅव रिसीव्ड युवर ड्रॉइंग’ करा. ‘गॉट’नं अर्थ बिघडत नव्हता, पण पहिल्याच वाक्यात सलगी दिसते. चौथी ओळ ‘आय विल गेट बॅक टू यू बाय इव्हनिंग’ आहे, तिला हात लावू नका. साहेब तिथे ‘आय विल रिव्हर्ट’ सुचवतील, सगळ्या भारतीय ऑफिसांत सुचवतात. भारतात ते उत्तर देणं म्हणून चालतं. ब्रिटन-अमेरिकेत ‘रिव्हर्ट’चा पहिला अर्थ पूर्वस्थितीला जाणं असा आहे, त्यामुळे ग्राहक तिकडचा असेल तर ‘गेट बॅक’ किंवा सरळ ‘रिप्लाय’ बरा.

ग्राहक अमेरिकन असेल तर आणखी एक. ते ‘गॉटन’ लिहितात आणि ती त्यांची चूक नाही. त्यांच्याकडं ‘वी हॅव गॉट द पॅटर्न’ म्हणजे पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा करतात तो नमुना) आमच्याकडे आहे, आणि ‘वी हॅव गॉटन द पॅटर्न’ म्हणजे पॅटर्न मिळवला, आत्ता हाती आला. ब्रिटिश इंग्रजीत दोन्हीला ‘गॉट’, संदर्भावरून कळतं. ‘फर्गॉटन’मध्ये तेवढं ते ‘टन’ तिकडंही टिकून आहे. तुम्ही तुमच्या पत्रात ‘गॉट’च ठेवा. फक्त ‘हॅव यू गॉटन द पॅटर्न?’ असं त्यांनी विचारलं आणि तो अजून ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोडाउनमध्येच पडून असेल, तर उत्तर ‘नॉट येट’ आहे, ‘यस’ नव्हे.